पोटखराब्यातली खरपुडी

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर एक रकाना असतो, पोटखराब्याचा. ज्या जमिनीत पीक येत नाही ती त्यात लिहितात. खडक, कडा, ओढ्याची घळ, सगळं त्यात जातं. आमच्या आजोबांच्या वाटणीत जो डोंगरउतार आला, त्यातला निम्म्याहून जास्त पोटखराबाच. वडील म्हणायचे, "कागदावर जमीन, कणगीत दाणा नाही." तरी त्याच उतारानं आम्हाला एका वर्षी जगवलं, आणि त्या बदल्यात आम्ही त्याचं काय केलं, हे मला फार उशिरा कळलं. ती हकीकत सांगतो.

आमचं गाव अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात, हरिश्चंद्रगडाच्या रांगेत. पाऊस म्हणाल तर चार महिने छताला पागोळ्या तुटत नाहीत. पिकं भात, नागली, वरई आणि थोडी खुरासणी. पावसाळ्यात पाणी पायाखालून वाहतं आणि शिमग्यानंतर बायका हंडा घेऊन झऱ्यापाशी वाट बघत बसतात. अशा मुलखात माणूस नुसत्या शेतावर जगत नाही. डोंगर त्याला हात देतो. चाईचा मोहर, पावसात कुर्डूची भाजी, थंडीत करांदे. कडूकंदाच्या चकत्या करून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवल्या, की सकाळी कडूपणा उतरतो. हे सगळं आईला तोंडपाठ होतं. तिला अक्षर येत नव्हतं, पण डोंगरावरचं कुठलं पान कधी खायचं आणि कधी हातही लावायचा नाही, हे तिनं आम्हाला शिकवलं.

त्यातच एक खरपुडी. कुणी खरचुडी म्हणतात. जमिनीखाली तिचा कंद असतो, चपटा, बटाट्यासारखा. कच्चा खाल्ला तरी गोडसर पाणचट लागतो, उकडला तर पोटाला आधार होतो. गुराखी पोरांचा तो खाऊच. बऱ्याच खरपुड्या वेलाच्या असतात, झुडपाला धरून वर चढतात. पण आमच्या वरच्या कड्यापाशी एक वेगळी यायची. ती वेल नव्हती, सरळ उभं रोप होतं. श्रावण-भाद्रपदात तिला फुलं लागायची. खाली फुगीर पोट, वर नळी, आणि नळीच्या तोंडाशी पाच पाकळ्या शेंड्याला एकमेकींना चिकटलेल्या. रंग फिकट हिरवट, त्यावर जांभळट झाक. आम्ही पोरं तिला कंदीलवाली म्हणायचो.

कंदीलवालीबद्दल आईचा एक नेम होता. शेंगा फुटून म्हाताऱ्या उडाल्याशिवाय कंद उकरायचा नाही. खरपुडीला शिंगांसारख्या दोन-दोन शेंगा येतात. त्या वाळून उकलल्या, की रुईच्या बियांसारख्या रेशमी शेपटीच्या बिया वाऱ्यावर जातात. त्यानंतर कंद काढला तरी मोठा तेवढाच काढायचा, लहान तिथंच मातीआड करायचा. "आपुन खाल्लं तर पुढच्या साली काय?" एवढंच ती म्हणायची. त्यात देवाधर्माचं काही नव्हतं, हिशेब होता.

१९७२ साली तो हिशेब मोडला.

मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. त्या साली पावसानं तोंड फिरवलं. आमच्यासारख्या पावसाच्या मुलखात भात पोटरीत येऊन वाळला, तिथं देशावरच्या गावांचं काय झालं असेल ते सांगायलाच नको. नागली वीतभर होऊन थांबली. वडील खडी फोडायच्या कामावर गेले. पुढं त्या कामांवर मिलो मिळायला लागला, लाल रंगाची परदेशी ज्वारी. सुकडीही मिळाली. पण ते सगळं सुरू व्हायच्या आधी भाद्रपदापासून मधले दोन-अडीच महिने घरात काही नव्हतं. धाकटी बहीण तीन वर्षांची होती. ती रडायची पण बंद झाली होती, नुसती पडून राहायची.

एक दिवस आई मला आणि थोरल्या भावाला घेऊन कड्यापाशी गेली. कंदीलवाली फुलावर होती. आई क्षणभर उभी राहिली. मग कुदळीच्या टोकानं तिनं पहिलं रोप उकरलं, फुलासकट. मी म्हणालो, "आये, शेंगा न्हाईत आल्या अजून." तिनं उत्तर दिलं नाही. त्या दिवशी आम्ही पाटीभर कंद काढले. मोठे काढले आणि लहानही काढले. पुढं पंधरा दिवस आम्ही रोज जात होतो. वाडीतले बाकीचे लोकही यायला लागले. कुणी कुणाला अडवलं नाही, अडवणार कसं? शेवटच्या दिवशी आईनं रिकाम्या उताराकडं बघून हात जोडले आणि म्हणाली, "फिटंल तवा फेडू."

बहीण जगली. आज तिला नातवंडं आहेत.

पुढल्या साली पाऊस चांगला झाला. गवत माजलं, भात आलं. कंदीलवाली मात्र आली नाही. त्याच्या पुढच्या सालीही आली नाही. मी दहावीपर्यंत शिकलो, पुढं शेतीला लागलो, लग्न झालं, पोरं झाली. दर श्रावणात गुरं घेऊन त्या बाजूला गेलो की नजर जायची. वेलाच्या खरपुड्या इकडंतिकडं दिसायच्या, उभी कुठं दिसली नाही. हळूहळू बघायचंही सुटलं. वाडीतली पोरं तर म्हणायची, असं फूल कधी नव्हतंच, म्हाताऱ्यांच्या गप्पा आहेत.

२००९ च्या भाद्रपदात आमची एक शेळी कड्याच्या पट्टीवर चढली आणि तिला उतरता येईना. तिथं माणूसही नीट चढत नाही. एका बाजूला सरळ तुटलेला कातळ आणि पाय ठेवायला दोन हात जागा. मी कारवीचे बुंधे धरत वर गेलो. शेळीचं शिंग धरून वळलो तर गुडघ्यापाशी, कातळाच्या फटीत, कंदीलवाली. एक नव्हे, मोजून सात रोपं. चारांना फुलं होती. शेळीनं एकाचा शेंडा खाल्लेला होता.

सदतीस वर्षं झाली होती. मी शेळी सोडून दिली आणि तिथंच बसलो.

खाली आलो ते आईला सांगायला. तेव्हा ती पंच्याहत्तरीच्या पुढं गेलेली, डोळ्यांना कमी दिसायचं. मी म्हणालो, "आये, कंदीलवाली घावली. कड्याच्या पट्टीला." तिनं आधी विचारलं, "उपटली न्हाईस ना?" मी नाही म्हणालो. मग बराच वेळानं तिनं विचारलं, "शेंगा धरल्यात का?"

आमच्या भागात झाडपाला अभ्यासायला एक प्राध्यापक यायचे. त्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. त्यांना निरोप धाडला. ते आले, दोरी बांधून पट्टीवर चढले, भिंगातून फूल बघितलं आणि खाली उतरून माझ्या ओट्यावर चहा घेताना म्हणाले, "काका, ही लॉ साहेबाची खरपुडी." त्यांनी त्या दिवशी जे सांगितलं आणि पुढं पुस्तकं देऊन वाचायला लावलं, त्यातून मला या फुलाचा इतिहास कळला.

शास्त्रात या कुळाला सेरोपेजिया म्हणतात. हे नाव लिनियस या स्वीडनच्या शास्त्रज्ञानं १७५३ साली दिलं. ग्रीक शब्दांवरून बनवलेल्या या नावाचा अर्थ मेणाचं कारंजं. लिनियस भारतात कधी आला नाही. मलबारातल्या एका खरपुडीचं चित्र त्यानं पुस्तकात बघितलं होतं. ते पुस्तक म्हणजे 'हॉर्टस मलबारिकस', मलबारचा डच गव्हर्नर व्हॅन ऱ्हीड यानं तयार करवलेलं. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला त्याचे बारा खंड छापले गेले. मला त्यात विशेष वाटलं ते वेगळंच. झाडांची माहिती देणाऱ्यांची नावं त्यात दिली आहेत. इट्टी अच्युतन हा मलबारी वैद्य, आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तीन कोकणी ब्राह्मण. या तिघांचं निवेदन पहिल्या खंडात देवनागरी अक्षरांत छापलेलं आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी परमुलखात छापलेल्या पुस्तकात आपली अक्षरं!

आमच्या कंदीलवालीचं तसं झालं नाही. जॉन सदरलँड लॉ नावाचा मुंबई इलाख्यातला मुलकी अधिकारी होता, ठाण्याच्या बाजूला नोकरीला. त्याला झाडांचा नाद. कोकणाच्या बाजूला त्यानं ही खरपुडी गोळा केली, वाळवून कागदावर लावली. ते नमुने इंग्लंडात गेले. तिथं क्यू बागेचा प्रमुख जोसेफ हूकर हिंदुस्थानातल्या सगळ्या झाडांचा ग्रंथ लिहीत होता, सात खंडांचा. त्यात १८८३ साली त्यानं या झाडाला नाव दिलं, सेरोपेजिया लॉई. लॉच्या मागं टोपलं धरून कोण चालत होता, कुणी त्याला म्हटलं असेल की साहेब, हे बघा, हे उभं आहे, याला वेल नाही, त्याचं नाव कुठं नाही. ठाकर असेल, कातकरी असेल, आमच्यासारखा महादेव कोळी असेल. मी प्राध्यापकांना तसं बोलून दाखवलं. ते म्हणाले, "खरंय तुमचं. पण लॉनं कागदावर लावलं नसतं तर आज ही कोण ते आपल्याला सांगता आलं नसतं." तेही खरंच आहे.

नाव मिळालं आणि झाड हरवलं. पुढं जवळजवळ शंभर वर्षं ही खरपुडी अभ्यासकांच्या हाती लागली नाही. संपली असेल असंच धरलं गेलं. मग आमच्याच हरिश्चंद्रगडावर ती पुन्हा मिळाली. स्वातंत्र्यानंतर भारतीय वनस्पती सर्वेक्षण या सरकारी संस्थेचं पुण्याला कार्यालय झालं, आणि तिथल्या लोकांनी सह्याद्रीचे कडे पायांखाली घातले. त्यातले एम. वाय. अन्सारी यांनी खरपुड्यांचाच ध्यास घेतला. १९८४ साली त्यांचं भारतातल्या सगळ्या खरपुड्यांवरचं पुस्तक निघालं. पुढं १९८७ ते १९९० या काळात नष्ट होत चाललेल्या झाडांची यादी तीन खंडांत निघाली, लाल यादी म्हणतात तिला. तिच्यात खरपुड्यांची मोठी रांगच आहे. आपल्या देशात पन्नासच्या वर प्रकारच्या खरपुड्या आहेत. त्यातल्या कितीतरी फक्त सह्याद्रीत येतात, जगात दुसरीकडं कुठंच नाहीत.

मी मनात एक गणित करत होतो. शहाण्या लोकांच्या लेखी जी शंभर वर्षं हरवली होती, ती आमच्या कड्यावर दर श्रावणात फुलत होती आणि आम्ही तिला कंदीलवाली म्हणत होतो. आम्हाला ती हरवलेली आहे हे माहीत नव्हतं, आणि त्यांना ती इथं आहे हे माहीत नव्हतं. कुणी येऊन आईला विचारलं असतं तर तिनं बोट दाखवलं असतं. पण दुसरी बाजूही आहे, ती लपवून चालणार नाही. ७२ साली फुलावरची रोपं उपटणारे आम्हीच. नुसतं माहीत असून झाड वाचत नाही.

मग ती इतकी कमी का? प्राध्यापकांनी मला फूल आतून दाखवलं. नळीच्या आत खाली वळलेले केस असतात. बारीक माशी वासाला भुलून आत उतरते, केस तिला वर येऊ देत नाहीत. ती आतच अडकून पडते. केस सुकले, फूल कलंडलं, की ती सुटते आणि अंगाला चिकटलेले पराग घेऊन दुसऱ्या फुलात जाते. म्हणजे शेंग धरायला जवळ दुसरं रोप लागतं आणि ती माशीही लागते. रोपं विरळ झाली की शेंगा धरणं कठीण. धरल्या तर शेळ्या खातात. कंदाला माणूस आहे, रानडुक्कर आहे, साळिंदर आहे. आणि राहिलेलं वणवा करतो.

वणव्याचं मला तोवर कळलं नव्हतं. आमच्याकडं फाल्गुनात डोंगर पेटवायची रीत. जुनं गवत जळलं की पावसात कोवळं फुटतं, असं बापजाद्यांपासून चालत आलेलं. मी स्वतः किती वेळा काडी लावली असेल. मी प्राध्यापकांना म्हणालो, कंद तर जमिनीखाली असतो, त्याला काय होतंय? ते म्हणाले, "कंदाला नाही होत. पण दिवाळीच्या पुढं-मागं पडलेलं बी वरच असतं ना?" मी गप्प बसलो. पावसाची वाट बघत पडलेलं बी आम्ही दर वर्षी भाजत होतो. पट्टीवरची सात रोपं वाचली, कारण तिथं ना कुदळ पोचली, ना गवत, ना आग.

दुसरी चूक माझ्याकडून घडली ती लगेच पुढल्या साली. सापडलेल्या फुलाची गोष्ट मी बाजारात, लग्नात, एसटीत सगळ्यांना सांगत सुटलो होतो. अभिमान वाटत होता, दुसरं काय. शहरातून दोन तरुण आले. बोलायला गोड, पायांत भारी बूट, गळ्यात कॅमेरे. घरी जेवले. मी त्यांना पट्टीच्या खालपर्यंत नेलं आणि बोटानं दाखवलं. ते रात्री देवळात मुक्कामाला राहिले. सकाळी मी जाग घ्यायला गेलो तर ते गेलेले होते. दुपारी पट्टीवर चढून बघितलं तर तीन खड्डे. सातातली चार उरली.

मी घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोललो नाही. आईनंच विचारून काढून घेतलं. ती म्हणाली, "आपुन पोटासाठी उकरली. ह्यांनी कशापायी?" मला उत्तर देता आलं नाही. आजही कुणी जागा विचारली तर मी डोंगराकडं हात करतो आणि सांगतो, तिकडं कुठंतरी आहे. खोटं बोलल्यासारखं वाटतं, पण हा नेम मी आता मोडत नाही.

उरलेल्या चारांना त्या साली दोनच शेंगजोड्या धरल्या. प्राध्यापकांनी सांगितल्याप्रमाणं शेंगांवर जुन्या मच्छरदाणीच्या पिशव्या बांधल्या, म्हणजे उकलल्या तरी बी उडून जायला नको. निम्मं बी ते घेऊन गेले. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात डॉ. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी खरपुड्या वाढवायचं मोठं काम केलेलं आहे, ते त्यांनी मला तेव्हा सांगितलं. निम्मं बी माझ्याकडं राहिलं. ते मी नागलीच्या रोपासारखं वाफ्यात पेरलं. खालची माती, वर चाळलेली बारीक खडी, पाणी बेताचं. उगवलं बरंच, पण पहिल्याच पावसाळ्यात निम्मं कुजलं. दुसऱ्या साली मी तीच माती वापरली नाही, कड्याखालची मुरमाड आणली, आणि वाफा उताराला केला. मग जगली.

वणवा थांबवणं त्याहून अवघड गेलं. मी माझ्या पोटखराब्याभोवती गवत कापून, पालापाचोळा झाडून जाळरेषा काढली. चुलतभावाचा उतार शेजारी. तो भांडायलाच आला. "तुझ्या फुलापायी आमची गुरं मारतो का? तुझं जुनं गवत माझ्या बांधाला उभं राहतंय, आग लागली तर माझ्या गंजीला लागंल." त्याचं अगदीच चूक नव्हतं. दोन वर्षं आमचं बोलणं बंद होतं. शेवटी मी त्याला म्हणालो, माझ्या उतारावरचं गवत दर दिवाळीनंतर तू कापून ने, फुकट ने, पण काडी लावू नको. शेंगा फुटायच्या आत मात्र विळा घालायचा नाही. तो कबूल झाला. आता त्याला फुकट चारा मिळतो, मला जळकं रान बघावं लागत नाही. आमच्या वाडीत अजूनही फाल्गुनात डोंगर पेटतो, पण तो आमच्या दोघांच्या बांधाशी थांबतो.

वाफ्यातले कंद बोराएवढे झाल्यावर मी ते जुन्या जागी नेऊन लावले. पट्टीवर नाही, तर खाली, जिथं ७२ साली आम्ही कुदळ चालवली होती तिथंच. पहिल्या वर्षी एकवीस लावले, साळिंदरानं तेरा खाल्ले. मग दगडांच्या फटीत लावायला शिकलो, जिथं त्याचा पंजा जात नाही. लावले तेवढे कधीच जगले नाहीत. पण जगतात त्यातले काही फुलतात, आणि गेल्या श्रावणात मी मोजली तेव्हा फुलावर आलेली एकोणतीस रोपं होती. एकोणतीस म्हणजे काही नाही, मला माहीत आहे. आई पाटीभर कंद काढायची तेव्हा एका दिवसात त्याहून जास्त रोपं जात होती.

आई २०१४ साली गेली. त्याच्या आदल्या भाद्रपदात खालच्या उतारावर पहिलं फूल आलं होतं. तिला चालवत नव्हतं. मी आणि माझ्या मुलानं खुर्चीला दोन बांबू बांधले आणि तिला वर नेलं. दिसत तर जवळजवळ नव्हतंच. मी तिचा हात धरून फुलापाशी नेला. तिनं बोटांनी नळी चाचपली, खालचं फुगीर पोट चाचपलं, आणि मग देठाखाली माती दाबून बघितली, रोप नीट बसलंय का म्हणून.

"किती हायेत?" तिनं विचारलं.

"पाच," मी म्हणालो.

"अजून लई फेडायचं ऱ्हायलंय," ती म्हणाली. मग आम्ही तिला खाली आणलं, कारण ढग भरून आले होते आणि भाताची बेणणी अर्धी राहिली होती.